लोगो बरोबर, दर चुकीचा: लारावेलमधल्या एका फसाडचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका लहान टीमचं वेब ॲप्लिकेशन आहे, पीएचपी भाषेतल्या लारावेल या फ्रेमवर्कवर (तयार चौकटीवर) बांधलेलं. ते अनेक संस्था वापरतात आणि प्रत्येक संस्था त्यातून आपल्या सभासदांना दर महिन्याला बिलं पाठवते. डेटाबेस सगळ्यांचा एकच. संस्थेचं नाव, लोगो, विलंब शुल्काचा दर, तारखेची मांडणी, रक्कम पूर्णांकात आणायची की दोन दशांश स्थळं ठेवायची, हे मात्र प्रत्येकीचं वेगळं. ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत. मी या कोडकडे बाहेरचा परीक्षक म्हणून पाहिलं, त्यामुळे खालची मतं माझी आहेत. टीममधल्या सगळ्यांना ती पटलेली नाहीत.

संस्थानिहाय माहितीसाठी टीमने ‘सेटिंग्ज’ नावाचा क्लास लिहिला होता. चालू संस्था कोणती हे सबडोमेनवरून एक मिडलवेअर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट आधी ज्यातून जाते तो कोड, ठरवायचं. सेटिंग्जकडे पहिली विचारणा झाली की तो त्या संस्थेच्या सगळ्या नोंदी डेटाबेसमधून उचलायचा, स्वतःजवळच्या ॲरेत ठेवायचा आणि पुढच्या विचारणांना तिथूनच उत्तर द्यायचा. लारावेलचा कंटेनर म्हणजे ऑब्जेक्ट बनवून देणारं कोठार, आणि त्यातली कोणती वस्तू कशी मिळेल हे सर्व्हिस प्रोव्हायडरमध्ये नोंदवतात. तिथे सेटिंग्जची नोंद सिंगलटन म्हणून होती, म्हणजे एकदा बनलेला ऑब्जेक्टच सगळ्यांना मिळायचा. शिवाय त्याच्यावर एक फसाड होता, म्हणजे कोडमध्ये कुठूनही एका ओळीत ‘सेटिंग्ज, गेट, विलंब शुल्क’ असं विचारता यायचं.

फसाडची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फसाडची हाक दिसते स्टॅटिक, पण त्या नावाची स्टॅटिक मेथड फसाडच्या क्लासमध्ये नसतेच. त्यात साधारणपणे एकच छोटी मेथड असते, ‘गेट फसाड ॲक्सेसर’. कंटेनरमधली वस्तू कोणत्या किल्लीने शोधायची एवढंच ती सांगते. हाक आली की पाया-क्लासमधली ‘कॉलस्टॅटिक’ ही जादुई मेथड ती झेलते, कंटेनरकडून खरा ऑब्जेक्ट मागवते आणि हाक त्याच्याकडे पोचवते. पीएचपी 5.3 (2009) मध्ये कॉलस्टॅटिक आणि लेट स्टॅटिक बाइंडिंग (हाक कोणत्या क्लासवर मारली हे कोड चालताना ठरवणं) एकत्र आले, म्हणून हे शक्य झालं. मात्र एकदा मागवलेला ऑब्जेक्ट फसाड स्वतःच्या स्टॅटिक ॲरेतही जपून ठेवतो. दुसऱ्या हाकेला तो कंटेनरकडे जातच नाही.

नेहमीच्या वेब रिक्वेस्टमध्ये याचा त्रास होत नाही. पीएचपी-एफपीएममध्ये (वेब सर्व्हरमागे पीएचपी चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) रिक्वेस्ट संपली की कंटेनर, सिंगलटन, स्टॅटिक ॲरे सगळं पुसलं जातं. पुढची रिक्वेस्ट कोऱ्या पाटीवर सुरू होते. टीमचा सिंगलटन वर्षानुवर्षं नीट चालला तो या सवलतीवर. ही सवलत आपण घेतो आहोत याची नोंद मात्र कुठेच नव्हती.

अडचण

महिनाअखेरीची बिलं रात्री एका आर्टिझन कमांडने (लारावेलच्या कमांड लाइनवरच्या आज्ञेने) तयार व्हायची. सुरुवातीला क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) प्रत्येक संस्थेसाठी ही कमांड वेगळी चालवायचा. संस्था वाढल्या, तसा प्रत्येक वेळी फ्रेमवर्क उभं करण्याचा वेळ खटकू लागला. म्हणून एका डेव्हलपरने कमांड बदलली. आता एकच प्रोसेस सगळ्या संस्थांवरून लूप फिरवणार होती.

तो सावध होता. सेटिंग्ज सिंगलटन आहे, त्यामुळे पहिल्या संस्थेची माहिती दुसरीला लागेल, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला तो चालू संस्था बदलायचा आणि कंटेनरच्या ‘फर्गेट इन्स्टन्स’ने जुना सेटिंग्ज ऑब्जेक्ट विसरायला लावायचा. बिल बांधणारा क्लासही प्रत्येक फेरीत नव्याने मागवायचा. दोन संस्था घेऊन त्याने चालवून पाहिलं. दोघांच्या बिलांवर आपापलं नाव होतं, आपापला लोगो होता. बदल मंजूर झाला.

पुढच्या बिलांनंतर एका संस्थेच्या सभासदाची तक्रार आली की विलंब शुल्क जास्त लागलंय. सपोर्टच्या माणसाने बिल उघडलं, ‘पुन्हा तयार करा’ बटण दाबलं आणि नवं बिल अगदी बरोबर आलं. मधल्या काळात कोणीतरी दर बदलला असेल असं समजून त्याने तक्रार बंद केली. दुसऱ्या संस्थेकडून तशीच तक्रार आली, तिचाही निकाल तसाच लागला. तिसऱ्या संस्थेच्या हिशेबनिसाने मात्र सांगितलं की आमचा दर नोंदणीपासून बदललेलाच नाही. तेव्हा प्रकरण डेव्हलपरांकडे आलं.

शोध

पहिला संशय गणनेच्या सूत्रावर गेला, तिथे काही सापडलं नाही. मग एकाच संस्थेसाठी कमांड चालवली, बिल बरोबर आलं. सगळ्या संस्थांसाठी चालवली, तेव्हा चूक दिसली. म्हणजे कुठलीतरी गोष्ट एका फेरीतून दुसरीत गळत होती. पण फर्गेट इन्स्टन्सची ओळ तर समोरच होती, आणि त्याच बिलावर लोगो बरोबर छापला जात होता! लोगो आणि दर दोन्ही एकाच सेटिंग्जमधून येतात, मग एक नवा आणि एक जुना कसा?

उत्तर लॉगमधून मिळालं. बिल बांधणाऱ्या क्लासमध्ये आणि विलंब शुल्क काढणाऱ्या क्लासमध्ये, दोन्हीकडे सेटिंग्ज ऑब्जेक्टचा एसपीएल ऑब्जेक्ट आयडी (पीएचपी प्रत्येक जिवंत ऑब्जेक्टला देतं तो क्रमांक) छापला. पहिल्या फेरीत दोन्हीकडे एकच आकडा होता, दुसऱ्या फेरीत दोन वेगळे. एका प्रोसेसमध्ये दोन सेटिंग्ज जिवंत होते.

बिल बांधणाऱ्या क्लासला सेटिंग्ज कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे त्याचा ऑब्जेक्ट बनतानाच, मिळायचा. हा क्लास प्रत्येक फेरीत नव्याने मागवला जात असल्याने त्याच्या हाती कंटेनरमधला नवा ऑब्जेक्ट यायचा. विलंब शुल्काचा क्लास मात्र फसाड वापरत होता. फर्गेट इन्स्टन्स फक्त कंटेनरची नोंद पुसतं, फसाडच्या स्टॅटिक ॲरेला हात लावत नाही. पहिल्या संस्थेच्या वेळी फसाडने जो ऑब्जेक्ट धरला तो शेवटच्या संस्थेपर्यंत सोडला नाही. थोडक्यात, सगळ्यांना यादीतल्या पहिल्या संस्थेचा दर लागत होता.

मग तक्रारी इतक्या कमी का? पहिल्या संस्थेचा दर हा ॲप्लिकेशनचा मूळ दर होता आणि बहुतेक संस्थांनी तो बदललाच नव्हता. चाचणीला घेतलेल्या दोन्ही संस्थांचाही दर तोच होता.

ऑटोमेटेड टेस्टनाही हे दिसणं शक्य नव्हतं. फ्रेमवर्कचा टेस्ट-केस प्रत्येक टेस्टआधी फसाडचे जपलेले ऑब्जेक्ट स्वतःच साफ करतो. शिवाय विलंब शुल्काच्या टेस्टमध्ये ‘शुड रिसीव्ह’ वापरून फसाडच्या जागी नकली ऑब्जेक्ट बसवला होता आणि तो ठरवून दिलेला दर परत करायचा. त्या टेस्टने सूत्र तपासलं. दर कुणाकडून येतो हे तिने कधी विचारलंच नाही. फसाडची नक्कल करायची सोय खरोखर चांगली आहे, पण नेमकी जी जोडणी तुटली होती तीच या सोयीने झाकली गेली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय एका ओळीचा होता. फर्गेट इन्स्टन्सच्या शेजारी फसाडचं ‘क्लिअर रिझॉल्व्हड इन्स्टन्स’ त्याच किल्लीने बोलवायचं. चूक लगेच थांबली असती. पण उद्या कोणी तिसऱ्या ठिकाणी असाच लूप लिहिला तर या दोन ओळी जोडीने लागतात हे त्याला कोण सांगणार?

याच जातीचे आणखी दोन उपाय निघाले. फसाडचं ‘स्वॅप’ वापरलं तर नवा ऑब्जेक्ट फसाडमध्ये आणि कंटेनरमध्ये एकाच वेळी बसतो, म्हणजे दोन ओळींची एक होते. किंवा सेटिंग्जच्या फसाडमध्ये ‘कॅश्ड’ हा गुणधर्म बंद करायचा, म्हणजे तो दर हाकेला कंटेनरकडे जाईल. फ्रेमवर्कच्या स्वतःच्या ‘स्कीमा’ फसाडमध्ये असंच केलेलं आहे. मला यातला दुसरा जास्त आवडला होता, कारण त्यात लूप लिहिणाऱ्याला फसाडबद्दल काही लक्षात ठेवावं लागत नाही. तरी कंटेनरमधला ऑब्जेक्ट विसरायची जबाबदारी त्याच्यावर उरतेच.

दुसरा मार्ग म्हणजे एका संस्थेचं काम एका क्यू जॉबमध्ये (रांगेत टाकलेल्या स्वतंत्र कामात) टाकणं आणि सिंगलटनऐवजी ‘स्कोप्ड’ नोंद करणं. स्कोप्ड ऑब्जेक्ट प्रत्येक रिक्वेस्ट किंवा जॉबगणिक विसरले जातात. इथे एक गैरसमज बैठकीतच निघाला. जॉब वेगळा झाला की प्रोसेस वेगळी होते असं दोघांना वाटत होतं. तसं नसतं. ‘क्यू वर्क’चा वर्कर एकच प्रोसेस जिवंत ठेवून जॉबमागून जॉब चालवतो, आणि साध्या सिंगलटनमध्ये साठलेली माहिती पुढच्या जॉबलाही दिसते. स्कोप्ड नोंदीने तो प्रश्न सुटला असता. पण मग ‘हा कोड फक्त जॉबच्या आतच सुरक्षित आहे’ अशी नवी अलिखित अट तयार झाली असती. आधीची अलिखित अट कशी महागात पडली ते समोरच होतं.

तिसरा पर्याय सगळ्यात जोरात मांडला गेला: फसाड हद्दपार करा आणि सगळीकडे कन्स्ट्रक्टर इंजेक्शन करा, म्हणजे क्लासला लागणारा ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमधूनच द्या. नुसता सेटिंग्जचाच नव्हे, तर लॉग, कॅश, डीबी, सगळेच. बाजू मांडणाऱ्याचा मुद्दा खोटा नव्हता. विलंब शुल्काच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर पाहून तो सेटिंग्जवर अवलंबून आहे हे कोणालाच कळत नव्हतं. लूप लिहिणाऱ्याने कन्स्ट्रक्टर तपासले होते, मेथडच्या पोटातली फसाडची हाक त्याला दिसली नाही. फ्रेमवर्कच्या दस्तऐवजातही फसाडच्या सोपेपणामुळे क्लास नकळत फुगत जातात असा इशारा आहे.

तरीही हा पर्याय मला पटला नाही, आणि त्याचं कारण नीट मांडायला हवं. इंजेक्शनने डिपेन्डन्सी (क्लास ज्यावर अवलंबून आहे ती वस्तू) दिसायला लागते, पण तिचं आयुष्य त्याने बदलत नाही. समजा विलंब शुल्काचा क्लास स्वतःच सिंगलटन असता आणि त्याला सेटिंग्ज कन्स्ट्रक्टरमधून मिळाला असता, तर त्यानेही पहिल्या संस्थेचा ऑब्जेक्ट तसाच धरून ठेवला असता. चूक तीच, फक्त पकडून ठेवणारा वेगळा. उलट अशा ठिकाणी कॅश बंद केलेला फसाड जास्त बरा ठरतो, कारण तो दर हाकेला ताजा ऑब्जेक्ट मागतो. म्हणजे दोष फसाडचा म्हणावा, तर तो लपवण्यापुरता. मूळ दोष हा की संस्थेगणिक बदलणारी माहिती प्रोसेसइतक्या दीर्घायुषी वस्तूत साठवली होती.

लॉगच्या फसाडवर तर हा आरोप जवळपास लागूच होत नाही. संदेश कुठल्या फाइलमध्ये जायचा हे संस्थेवर अवलंबून नसतं. (जवळपास म्हणतो, कारण ‘विथ कॉन्टेक्स्ट’ने जोडलेली माहितीही लांब चालणाऱ्या प्रोसेसमध्ये पुढे सरकत राहते. या कमांडमध्ये संस्थेचा क्रमांक प्रत्येक फेरीत नव्याने लिहिला जात होता, म्हणून ते निभावलं.)

चौथा पर्याय सेटिंग्जमधून आठवणच काढून टाकण्याचा होता. सेटिंग्जला संस्थेचा क्रमांक द्यायचा आणि त्याने त्या संस्थेच्या माहितीचा एक न बदलणारा व्हॅल्यू ऑब्जेक्ट (फक्त किमती धरणारा ऑब्जेक्ट) परत द्यायचा. गणना करणाऱ्या क्लासांना हा ऑब्जेक्ट मेथडच्या पॅरामीटरमधून मिळेल. ‘चालू संस्था’ नावाची हवेत तरंगणारी गोष्ट गणनेत शिरणारच नाही. खर्च उघड होता: बऱ्याच मेथडच्या सह्या (त्या कोणते पॅरामीटर घेतात ते) बदलणार, आणि बिल बांधणाऱ्यापासून अगदी आतल्या क्लासपर्यंत तो ऑब्जेक्ट हातोहात पोचवावा लागणार.

काय केलं

निर्णय दोन टप्प्यांत झाला. पुढची बिलं जवळ आली होती, म्हणून आधी एका ओळीचा उपाय प्रॉडक्शनवर गेला. ‘तात्पुरतं’ अशी टिप्पणी त्या ओळीवर होतीच. शिवाय ती काढण्याचं काम वेगळं नोंदवलं आणि कोणाच्या तरी नावावर टाकलं. तात्पुरत्या ओळी कायमच्या होतात त्या बहुधा मालक नसल्यामुळे.

मग चुकलेली बिलं शोधणं. हे काम अपेक्षेपेक्षा अवघड निघालं. बिलासोबत फक्त अंतिम रक्कम साठवलेली होती, कोणत्या दराने ती काढली हे नाही. सेटिंग्जच्या तक्त्यात जुन्या किमतींचा इतिहास नव्हता. सगळी बिलं आजच्या दराने पुन्हा काढून फरक पाहिला, पण ज्या संस्थांनी मधल्या काळात खरोखर दर बदलला होता त्यांच्याशी एकेक करून बोलावं लागलं. त्यातच सपोर्टने पुन्हा तयार केलेल्या बिलांनी जुनी बिलं पुसून टाकली होती, म्हणजे पुरावाच नाहीसा झाला होता.

दुसऱ्या टप्प्यात चौथा पर्याय, पण फक्त बिलिंगच्या भागापुरता. कंट्रोलर आणि व्ह्यूमध्ये सेटिंग्जचा फसाड तसाच राहिला. तिथे एका रिक्वेस्टमध्ये एकच संस्था असते, आणि संस्थेचं नाव शीर्षकात दाखवायला व्हॅल्यू ऑब्जेक्ट फिरवणं हे निव्वळ कष्ट वाढवणं झालं असतं. व्हॅल्यू ऑब्जेक्टचा एक फायदा आधी कोणाच्या डोक्यात नव्हता. तो तसाच जेसॉन (मजकूर स्वरूपातली माहिती) करून बिलाच्या नोंदीत साठवता आला. आता प्रत्येक बिलासोबत ते कोणत्या दराने आणि कोणत्या पूर्णांक-नियमाने काढलं हे कायमचं नोंदलेलं असतं.

सीमा पुसट होऊ नये म्हणून पेस्ट या पीएचपीच्या टेस्ट-फ्रेमवर्कमधली आर्किटेक्चर टेस्ट, म्हणजे कोणता कोड काय वापरतो हे तपासणारी टेस्ट, लावली. पेस्टच्या दुसऱ्या आवृत्तीपासून (2023) ही सोय आहे. बिलिंगच्या नेमस्पेसमध्ये (क्लासांच्या नावांच्या गटात) सेटिंग्जचा फसाड वापरला तर टेस्ट नापास. यात एक फट होती. फसाडला छोटं जागतिक उपनावही होतं आणि ते वापरलं की टेस्टच्या नजरेतून सुटत होतं, म्हणून उपनावही बंदीच्या यादीत घातलं.

तात्पुरती ओळ काढायची वेळ आली तेव्हा ती आधी स्टेजिंगवर (प्रॉडक्शनआधीच्या चाचणी-सर्व्हरवर) काढून पाहिली. हे शहाणपणाचं ठरलं. बिलाच्या पीडीएफचा ब्लेड (लारावेलची टेम्प्लेट-पद्धत) टेम्प्लेट तारखेच्या मांडणीसाठी अजून फसाडलाच विचारत होता. टेम्प्लेटला स्वतःचा नेमस्पेस नसल्याने आर्किटेक्चर टेस्ट तिथे पोचत नाही. तारखेची मांडणीही आता व्हॅल्यू ऑब्जेक्टमधूनच टेम्प्लेटला दिली जाते.

परिणाम

लूप तसाच आहे, एकाच प्रोसेसमध्ये, आणि संस्थांच्या माहितीची सरमिसळ थांबली आहे. विलंब शुल्काच्या टेस्टना आता फ्रेमवर्क उभं करावं लागत नाही. साध्या पीएचपीयुनिटमध्ये व्हॅल्यू ऑब्जेक्ट द्यायचा आणि उत्तर तपासायचं. वेगळ्या दरांच्या तीन संस्था एकाच प्रोसेसमध्ये एकापाठोपाठ चालवणारी एक टेस्ट नव्याने आली. तात्पुरती ओळ नसलेल्या जुन्या कोडवर ती मुद्दाम चालवून पाहिली, तेव्हा ती नापास झाली. नवी टेस्ट जुन्या चुकीवर नापास होते की नाही हे पाहण्याचा कंटाळा अनेकजण करतात. इथे केला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते खरा निर्णयाचा क्षण लूप लिहिण्याचा होता आणि तो तसा ओळखला गेला नाही. ‘कमांड वेगवान केली’ एवढ्याच शीर्षकाखाली तो बदल तपासला गेला. प्रत्यक्षात एका प्रोसेसमध्ये एक संस्था या गृहीतकावर उभा असलेला सगळा कोड त्या दिवशी नव्या परिस्थितीत गेला होता. अशा बदलाआधी सर्व्हिस प्रोव्हायडर उघडून प्रत्येक सिंगलटनपाशी ‘हा स्वतःजवळ काय साठवतो आणि ते कोणाचं असतं’ हे विचारलं असतं, तर सेटिंग्ज पहिल्याच फटक्यात पुढे आला असता. त्यानंतर त्याला कोण कोण हाक मारतं हे शोधताना फसाड, उपनाव आणि हेल्पर फंक्शन या तिन्ही वाटा पाहाव्या लागतात. नुसते कन्स्ट्रक्टर पाहून भागत नाही.

दुसरी गोष्ट चाचणीच्या माहितीची. दोन संस्था घेतल्या, पण दोघींचा दर तोच होता. सरमिसळ शोधायची असेल तर प्रत्येक किंमत मुद्दाम वेगळी हवी, पूर्णांकाच्या नियमापासून तारखेपर्यंत.

तिसरी, ‘पुन्हा तयार करा’ हे बटण जुनं बिल पुसणारं नको होतं. आता जुनं बिल रद्द या शिक्क्यासह राहतं. पण हा बदल तक्रारी यायच्या आधी असता, तर दुसऱ्याच तक्रारीच्या वेळी दोन बिलं शेजारी ठेवून फरक दिसला असता.

फसाडवर सरसकट बंदी हवी होती असं मानणारा एकजण टीममध्ये अजून आहे. त्याच्याशी माझा वाद मिटलेला नाही, आणि पुढच्या कामात तो पुन्हा निघणार आहे. टीमला ऑक्टेन वापरायचं आहे. 2021 मध्ये आलेल्या या पॅकेजमध्ये स्वूल किंवा रोडरनरसारख्या पीएचपीच्या सर्व्हरच्या आधाराने ॲप्लिकेशन एकदाच उभं राहतं आणि तीच प्रोसेस अनेक रिक्वेस्ट सांभाळते. दर रिक्वेस्टला ऑक्टेन फसाडचे जपलेले ऑब्जेक्ट साफ करतं आणि कंटेनरची ताजी प्रत देतं, पण वर्कर सुरू होतानाच तयार झालेले सिंगलटन त्या प्रतीतही तेच राहतात. त्यामुळे सध्या टीम प्रत्येक सिंगलटनची यादी करते आहे. तीन रकाने आहेत: काय साठवतो, कुणाचं साठवतो, कधी विसरतो. सेटिंग्जच्या ओळीतला तिसरा रकाना वेब बाजूसाठी अजून रिकामा आहे.